गळ्यातल्या चार ग्रंथी, चालू ऑपरेशनमधली तपासणी आणि एक साधी यादी

सकाळी रक्त दिले की रिपोर्ट संध्याकाळी नाहीतर दुसऱ्या दिवशी घ्यायचा, ही आपली सवय. पण एक रक्ततपासणी अशी आहे, की तिचा रिपोर्ट येईपर्यंत रुग्ण भूल दिलेल्या अवस्थेत टेबलावर असतो, गळ्यावरची जखम उघडी असते आणि सर्जन रिपोर्टची वाट पाहत उभा असतो. जखम शिवायची की आणखी शोध घ्यायचा, हे त्या एका आकड्यावर ठरते. ही तपासणी म्हणजे पॅराथायरॉइड हार्मोनची, म्हणजेच पीटीएचची.

ही तपासणी काही दिवसांवरून काही मिनिटांवर कशी आली आणि मिनिटांवर आल्यानंतरही एक साधा छापील कागद तिला का लागला, त्याची ही हकिगत आहे.

ग्रंथी लहान, काम मोठे

गळ्यात थायरॉइड ग्रंथी असते, ती बहुतेकांना माहीत असते. तिच्या मागच्या बाजूला चिकटून साधारण तांदळाच्या दाण्याएवढ्या चार ग्रंथी असतात, त्या पॅराथायरॉइड. नावात थायरॉइड असले तरी यांचे काम वेगळे. रक्तातले कॅल्शियम घसरू न देणे, हे ते काम. कॅल्शियम जरा कमी झाले की या ग्रंथी पीटीएच सोडतात. मग हाडांतून कॅल्शियम रक्तात येते आणि मूत्रपिंड ते लघवीवाटे कमी जाऊ देते.

या चारांपैकी एखादीत गाठ झाली, तर ती गरज नसतानाही पीटीएच सोडत राहते. ही गाठ जवळजवळ नेहमीच साधी असते, कर्करोगाची नसते. पण हाडांतले कॅल्शियम सतत काढले गेल्याने हाडे ठिसूळ होतात, मुतखडे वारंवार होतात, थकवा, बद्धकोष्ठता आणि उदासपणा येतो. पाश्चात्त्य देशांत हा आजार बहुधा नेहमीच्या रक्ततपासणीत, त्रास सुरू होण्याआधीच सापडतो. आपल्याकडे अजूनही बरेच रुग्ण हाडे दुखायला लागल्यावर, हाड मोडल्यावर किंवा चौथ्या-पाचव्या मुतखड्यानंतर येतात. यावर खात्रीचा उपाय एकच, ऑपरेशन करून ती गाठ काढणे.

गेंडा, ट्राम कंडक्टर आणि कप्तान

या ग्रंथी पहिल्यांदा दिसल्या त्या माणसात नव्हे, तर एका गेंड्यात. लंडनच्या प्राणिसंग्रहालयातला भारतीय गेंडा १८४९ साली मेला. शरीररचनेचे अभ्यासक रिचर्ड ओवेन यांनी त्याचे विच्छेदन केले, तेव्हा थायरॉइडला चिकटलेला एक लहानसा पिवळसर गोळा त्यांच्या नजरेस आला. माणसातल्या ग्रंथींचे नीट वर्णन केले ते स्वीडनमधल्या उप्साला इथल्या इवार सँडस्ट्रॉम या वैद्यकीय विद्यार्थ्याने. त्याने ५० मृतदेह तपासून १८८० साली आपला लेख प्रसिद्ध केला. त्या काळात त्याकडे फारसे कुणी लक्ष दिले नाही.

१९२५ साली व्हिएन्नामध्ये फेलिक्स मांडल या सर्जनसमोर एक ट्राम कंडक्टर होता, हाडांच्या असह्य वेदनांनी जेरीस आलेला. पॅराथायरॉइडची वाढ हा हाडांच्या आजाराचा परिणाम आहे, असे तेव्हा अनेकांना वाटे. म्हणून मांडल यांनी आधी त्याला दुसऱ्याची ग्रंथी बसवून पाहिली. उपयोग झाला नाही. मग त्यांनी उलट केले, त्याच्या गळ्यातली गाठच काढून टाकली. रुग्णाच्या वेदना थांबल्या, हाडे सुधारली. काही वर्षांनी आजार उलटला हे खरे, पण दोष ग्रंथीत आहे हे सिद्ध झाले होते.

अमेरिकेतल्या चार्ल्स मार्टेल या व्यापारी जहाजावरच्या कप्तानाची कथा याहून हृदयद्रावक आहे. हाडे खचून त्याची उंची सुमारे सात इंचांनी घटली. १९२६ पासून गळ्यावर एकामागून एक ऑपरेशने झाली, गाठ सापडेना. शेवटी १९३२ मध्ये बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये सातव्या ऑपरेशनला ती सापडली, तीही गळ्यात नव्हे तर छातीत. तोवर मूत्रपिंडे निकामी होत आली होती. मुतखड्यामुळे उद्भवलेल्या गुंतागुंतीत सुमारे सहा आठवड्यांनी तो दगावला.

मार्टेलच्या सर्जनांना प्रत्येक वेळी एकच प्रश्न पडत असणार: झाले का काम? उत्तर मिळायला कित्येक दिवस जात. जखम शिवायची, रुग्ण शुद्धीवर आणायचा आणि कॅल्शियम उतरते का ते पाहत बसायचे. टेबलावर असतानाच उत्तर देणारे साधन जगात कुठेही नव्हते.

दिवसांवरून मिनिटांवर

रक्तातले हार्मोन अतिशय अल्प प्रमाणात असते. ते मोजण्याची किल्ली न्यूयॉर्कमध्ये रोझलिन यालो आणि सॉलोमन बर्सन यांनी शोधली. किरणोत्सारी खूण लावलेले हार्मोन आणि प्रतिपिंडे वापरून मोजायची ही पद्धत. आधी इन्सुलिनसाठी आणि १९६३ मध्ये पीटीएचसाठी ती वापरली गेली. या शोधासाठी यालो यांना १९७७ चे नोबेल मिळाले. बर्सन तोवर हयात नव्हते. पद्धत उत्तम होती, पण एका तपासणीला काही दिवस लागत.

१९८७ मध्ये सॅम्युएल नुसबाउम आणि सहकाऱ्यांनी अखंड पीटीएच नेमके मोजणारी नवी पद्धत मांडली आणि पुढच्याच वर्षी तिची प्रक्रिया आखूड करून चालू ऑपरेशनमध्ये ती वापरून दाखवली. मायामी विद्यापीठातले सर्जन जॉर्ज अर्विन यांनी १९९० च्या दशकात ही कल्पना रोजच्या व्यवहारात आणली. किरणोत्सारी पदार्थाऐवजी प्रकाश देणारी रासायनिक प्रक्रिया वापरल्यामुळे उत्तर दहा-पंधरा मिनिटांत मिळू लागले आणि यंत्र ढकलगाडीवर ठेवून थेट ऑपरेशन थिएटरच्या दाराशी नेता येऊ लागले.

हे जमते ते शरीराच्या एका गुणामुळे. रक्तातले पीटीएच फार टिकत नाही, तीन ते पाच मिनिटांत निम्मे नाहीसे होते. शिवाय गाठीने कॅल्शियम चढवून ठेवलेले असल्याने बाकीच्या तीन ग्रंथी जणू झोपलेल्या असतात. त्यामुळे खरी दोषी गाठ निघाली की पीटीएच झपाट्याने कोसळते. अर्विन यांनी यावरून जो नियम बसवला तो मायामी निकष म्हणून ओळखला जातो: गाठ काढण्याआधीच्या नमुन्यांतला जो सर्वांत मोठा आकडा असेल, त्याच्यापेक्षा पीटीएच दहा मिनिटांत निम्म्याहून अधिक उतरले, तर काम झाले.

याचा रुग्णाला मोठा लाभ झाला. सुमारे ८० ते ८५ टक्के रुग्णांत एकच ग्रंथी बिघडलेली असते. पूर्वी चारही ग्रंथी उघडून पाहाव्या लागत. आता स्कॅनवर गाठ कुठे ते पाहून लहानशा चिरेतून तेवढीच काढता येते, कारण ‘झाले का काम?’ याचे उत्तर तिथल्या तिथे मिळते.

मग घोडे अडले कुठे?

यंत्र वेगवान झाले, पण नमुना यंत्रापर्यंत स्वतःहून जात नाही. रक्त काढणारा एक, नळीवर नाव लिहिणारा दुसरा, ती घेऊन लिफ्टची वाट पाहणारा तिसरा, प्रयोगशाळेत नोंद करणारा चौथा आणि फोन उचलणारा पाचवा. यंत्र पंधरा मिनिटे घेत असेल आणि रिपोर्ट हातात यायला पाऊण तास लागत असेल, तर उरलेला अर्धा तास या हातांमधल्या फटींत गेलेला असतो. तेवढा वेळ रुग्ण विनाकारण भुलीखाली राहतो.

आणि वेळेपेक्षा चूक महाग पडते. समजावण्यासाठी एक काल्पनिक हिशेब मांडतो.

चीर देण्यापूर्वी रुग्णाचे पीटीएच १५० आहे. सर्जन गाठ सोडवताना ती हाताळली जाते, पिळल्यासारखी होते आणि पीटीएच ४०० वर जाते. याच क्षणी, रक्तवाहिनी बांधण्याआधी, दुसरा नमुना घ्यायचा असतो. समजा, गडबडीत तो राहून गेला. गाठ काढल्यावर दहा मिनिटांनी आकडा येतो ९०. आता हातात १५० आणि ९० एवढेच आहे. उतार ४० टक्के, म्हणजे निम्म्याहून कमी. सर्जनला वाटते, आणखी एखादी ग्रंथी दोषी आहे, आणि तो शोध सुरू करतो. प्रत्यक्षात ४०० वरून ९० म्हणजे साडेसत्त्याहत्तर टक्के उतार झालेला होता. काम केव्हाच झाले होते!

एक नळी राहिली, तिची ही किंमत. त्या वाढीव शोधात आवाजाच्या नसेला इजा होऊ शकते, चांगल्या ग्रंथींचा रक्तपुरवठा तुटू शकतो. उलट बाजूही आहे. दोन नळ्यांवरच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली किंवा सलाईन चालू असलेल्या हातातून पातळ झालेले रक्त घेतले गेले, तर खोटा उतार दिसेल आणि दोषी गाठ आतच राहील.

यातली एकही गोष्ट अवघड नाही. सगळ्यांना सगळे ठाऊक असते. ठाऊक असलेली गोष्ट ऐनवेळी राहून जाते, एवढाच प्रश्न आहे. त्याचे उत्तर वैद्यकाच्या बाहेर, विमानाच्या धावपट्टीवर आधीच सापडलेले होते.

धावपट्टीवरून दवाखान्यात

३० ऑक्टोबर १९३५. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या राइट फील्डवर बोइंग कंपनीचे ‘मॉडेल २९९’ हे चार इंजिनांचे नवे विमान चाचणीसाठी उडाले आणि लगेच कोसळले. मेजर प्लॉयर हिल आणि बोइंगचे चाचणी वैमानिक लेस्ली टॉवर या अपघातात गेले. दोघेही निष्णात होते. जमिनीवर असताना वाऱ्याने शेपटीचे पंख हलू नयेत म्हणून लावलेली कडी उड्डाणापूर्वी काढायची राहून गेली होती, हे कारण निघाले. विमान इतके गुंतागुंतीचे होते की सगळे लक्षात ठेवणे एका माणसाच्या आवाक्यात नव्हते. वैमानिकांनी जास्त प्रशिक्षण मागितले नाही. त्यांनी उड्डाणापूर्वी, उड्डाणात, उतरण्यापूर्वी आणि उतरल्यावर काय करायचे, याच्या छोट्या याद्या केल्या. पुढे याच विमानापासून ‘बी-१७’ तयार झाले आणि १२,००० हून अधिक बनवले गेले.

दवाखान्यात ही कल्पना रुजायला बराच काळ गेला. २००१ मध्ये जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात डॉ. पीटर प्रोनोव्होस्ट यांनी मोठ्या शिरेत नळी घालण्यासाठी अवघ्या पाच मुद्द्यांची यादी केली. हात धुणे, त्वचा जंतुनाशकाने पुसणे, अशाच साध्या गोष्टी. मुद्दा गाळला तर डॉक्टरला थांबवण्याचा अधिकार नर्सला दिला, ही त्यातली खरी मेख. मिशिगन राज्यातल्या १०३ अतिदक्षता विभागांत अशा उपायांचा संच वापरला, तेव्हा दर १,००० नळी-दिवसांमागे २.७ असलेले जंतुसंसर्गाचे मध्यक प्रमाण तीन महिन्यांत शून्यावर आले. हा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला.

जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये सर्व ऑपरेशनांसाठी १९ मुद्द्यांची यादी आणली. हे काम ज्यांच्या नेतृत्वाखाली झाले ते बोस्टनचे सर्जन अतुल गावंडे. त्यांचे वडील डॉ. आत्माराम गावंडे मूळचे आपल्या यवतमाळ जिल्ह्यातल्या उटी गावचे. नवी दिल्लीसह जगातल्या आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत ही यादी वापरून पाहिली. मोठी गुंतागुंत होण्याचे प्रमाण ११ टक्क्यांवरून ७ वर आणि मृत्यूचे १.५ वरून ०.८ टक्क्यांवर आले.

पीटीएचची यादी कशी असते?

प्रत्येक रुग्णालय आपापल्या सोयीने यादी बनवते. तिचा गाभा साधारण असा:

आदल्या दिवशी
१. ऑपरेशनची वेळ प्रयोगशाळेला कळवली का?
२. रुग्ण बायोटिनच्या गोळ्या घेतो का, हे विचारले का?

त्या दिवशी, चीर देण्यापूर्वी
३. यंत्राची सकाळची चाचणी झाली का? रसायने पुरेशी आहेत का?
४. रक्त कोणत्या जागेवरून घ्यायचे ते ठरले का? सगळे नमुने तिथूनच. सलाईनच्या हातातून नाही.
५. ईडीटीएच्या नळ्यांवर नाव आणि नमुन्याचा क्रमांक आधीच चिकटवला का?
६. नमुना कोण नेणार आणि रिपोर्टचा फोन कोण घेणार?
७. पहिला नमुना घेतला का?

गाठ काढताना
८. रक्तवाहिनी बांधण्याआधी दुसरा नमुना घेतला का?
९. गाठ निघाल्याची वेळ सर्जनने मोठ्याने सांगितली आणि फळ्यावर लिहिली गेली का?
१०. पाच आणि दहा मिनिटांचे नमुने घड्याळाबरहुकूम घेतले का?

रिपोर्ट आल्यावर
११. फोनवर ऐकलेला आकडा परत म्हणून दाखवला का?
१२. टक्केवारी सर्वांत मोठ्या आकड्यावरून काढली का?

अकराव्या मुद्द्याची गंमत वाटेल. पण आपल्या रेल्वेत इंजिनचा चालक आणि सहायक समोरचा सिग्नल एकमेकांना मोठ्याने सांगतात, तोच हा प्रकार. ‘सोळा’ आणि ‘साठ’ फोनवर ऐकताना फारसे वेगळे वाटत नाहीत.

चौथा मुद्दाही महत्त्वाचा आहे. बारीक सुईने जोर लावून रक्त ओढले तर लाल पेशी फुटतात आणि पीटीएच खोटे कमी दिसू शकते. नमुना घेणाऱ्याला हे माहीत हवे.

यादीने रसायन बदलत नाही, यंत्रही जलद होत नाही. फक्त हातांमधल्या फटी बुजतात. प्रयोगशाळेला आधीच कल्पना असली की यंत्र तयार असते, नळी दारात पोहोचताच पुढे सरकते आणि नंतर कुणी कुणाला शोधत फिरत नाही.

खुणा करणे म्हणजे यादी पाळणे नव्हे

आता दुसरी बाजू. कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतात ऑपरेशनची यादी सक्तीची झाली. १०१ रुग्णालयांचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. मृत्यूचे प्रमाण ०.७१ टक्क्यांवरून ०.६५ वर आले, म्हणजे नाव घेण्याजोगा फरक पडलाच नाही. यावर बरीच चर्चा झाली. माझ्या मते यातून घ्यायचा धडा सरळ आहे. यादी वरून आदेश म्हणून आली की ती भरली जाते, वाचली जात नाही. सगळे संपल्यावर एकदम बारा खुणा करून फाइलला लावलेला कागद रुग्णाच्या काही उपयोगाचा नाही. यादी मोठ्याने वाचायची असते, थांबून उत्तर ऐकायचे असते आणि वापरणाऱ्यांनीच ती छाटून-बदलून आपलीशी करायची असते.

यादीने सर्जनची बुद्धीही बाजूला ठेवायची नसते. एकाहून अधिक ग्रंथी बिघडलेल्या असतील तर आकडा कधी फसवतो. मूत्रपिंडे नीट काम करत नसतील तर उतार सावकाश होतो. आकडा योग्य नमुन्याचा आहे एवढी खात्री यादी देते. त्याचा अर्थ डॉक्टरनेच लावायचा.

तुमच्या हातात काय आहे?

केसांसाठी किंवा नखांसाठी बायोटिन घेत असाल, तर कोणत्याही हार्मोन तपासणीआधी जरूर सांगा. अनेक यंत्रांची रसायने बायोटिनवर आधारलेली असतात, त्यामुळे पीटीएच खोटे कमी दिसू शकते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्ये बायोटिनमुळे तपासण्या चुकू शकतात, असा इशारा दिला होता. गोळी किती दिवस आधी बंद करायची, ते डॉक्टरांना विचारा.

पॅराथायरॉइडचे ऑपरेशन ठरले असेल तर ‘ऑपरेशन चालू असताना पीटीएच तपासण्याची सोय आहे का?’ असे विचारायला हरकत नाही. अनुभवी सर्जन या सोयीशिवायही उत्तम काम करतात, पण चर्चा व्हायला हवी. ऑपरेशननंतर ओठांभोवती किंवा बोटांत मुंग्या आल्या तर लगेच सांगा, कॅल्शियम उतरल्याची ती खूण असते. आणि सहा महिन्यांनी कॅल्शियम तपासून घ्या. ते तेव्हाही नॉर्मल असेल तरच आजार बरा झाला असे म्हणतात. इतके बरे वाटत असताना कशाला रक्त द्यायचे, असे म्हणून पुष्कळ जण ही तपासणी टाळतात.

शेवटचे एक. ऑपरेशनच्या दिवशी तीन वेगवेगळी माणसे तुम्हाला तेच विचारतील: नाव काय, ऑपरेशन कशाचे, गोळ्या कोणत्या चालू आहेत. ‘फाइलमध्ये लिहिलंय की!’ म्हणून वैतागू नका. त्यांच्या हातातल्या कागदावर तो मुद्दा आहे. तिघांनाही नीट उत्तर द्या.